विमानाचा नकाशा-पडदा वाचताना

कल्याणजवळच्या आंबिवली स्टेशनच्या डोक्यावर विमान आहे असं धरा. तिथून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत नैऋत्येला साधारण ३७ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या मापात २० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा. उतरायला निघालेल्या जेट विमानाला हे अंतर जेमतेम काही मिनिटांचं. जुलैची रात्र असेल तर ढगांमुळे उल्हास खोऱ्यातला एकही दिवा दिसत नाही. अशा वेळी वैमानिकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात: मी कुठे आहे, पुढे काय आहे आणि मध्ये काय आडवं येतंय. त्यांची उत्तरं त्याच्या समोरच्या ज्या चौकोनी पडद्यावर असतात, त्याला नेव्हिगेशन डिस्प्ले म्हणतात. कॉकपिटमध्ये नुसतं एनडी.

हा पडदा आता घरबसल्याही पाहता येतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती एअरबस ए-३२० निओ हे विमान बरोबर घेऊनच आली. फ्लाय-बाय-वायर नावाच्या गटाने तेच विमान खऱ्याच्या खूपच जवळ नेऊन सर्वांना फुकट उपलब्ध करून दिलं. इंडिगोचा बहुतेक ताफा याच घराण्यातला, त्यामुळे मुंबई-नागपूर प्रवासात आपण ज्या विमानात बसतो, जवळपास त्याचंच कॉकपिट समोर येतं. पण शिकणाऱ्यांपैकी बरेच जण विमान उडवायला लवकर शिकतात आणि एनडीकडे रंगीत सजावट म्हणून बघत राहतात. त्यावरचं प्रत्येक चिन्ह मात्र कुठल्या ना कुठल्या जुन्या चुकीचं उत्तर आहे. त्यातल्या काही चुका आपल्याच मुलखात घडल्या आहेत आणि त्यांची किंमत माणसांनी जिवानिशी दिली आहे.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलिटालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. सह्याद्री ओलांडायच्या आधीच ते खाली आलं आणि जुन्नरच्या बाजूच्या एका डोंगराला, माथ्याच्या अगदी जवळ, सुमारे ३,६०० फुटांवर धडकलं. विमानातले सगळे, ९४ जण, गेले. ती जागा मुंबई विमानतळापासून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. चौकशीचा निष्कर्ष असा की, दिशादर्शनात चूक झाली, आपण प्रत्यक्षापेक्षा मुंबईच्या बरेच जवळ आहोत असं वैमानिकाला वाटलं आणि म्हणून तो वेळेआधी खाली आला.

ही चूक केवढी होती, ते एका साध्या ठोकताळ्यावरून कळतं. जेट विमानाला १,००० फूट उतरायला साधारण ३ नॉटिकल मैल लागतात. ८४ किलोमीटर म्हणजे ४५ नॉटिकल मैल, म्हणजे त्या जागी विमान १५,००० फुटांच्या आसपास असायला हवं होतं. ३,६०० फूट ही धावपट्टीपासून ११-१२ मैलांवरची उंची. याच हिशेबाने आंबिवलीवर, २० मैलांवर, थेट उतरायला निघालेलं विमान सहा-सात हजार फुटांवर हवं. त्या रात्री कॉकपिटमध्ये नकाशा होता, घड्याळ होतं, रेडिओच्या सुया होत्या. पण या सगळ्यांचा मेळ घालून आपण कुठे आहोत ते चित्र माणसाला डोक्यात काढावं लागत होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग ७६७ आणि एअरबस ए-३१० या विमानांमध्ये पडदे आले आणि ते चित्र संगणक काढू लागला.

ए-३२० च्या एनडीवर विमान म्हणजे एक छोटं पिवळं चिन्ह. ते जागचं हलत नाही, सगळं जग त्याच्याकडे सरकत येतं. हे पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण डोळ्याला लवकर सवय होते. पडद्याचे प्रकार एका गोल नॉबने बदलतात. नेहमीचा प्रकार म्हणजे आर्क: विमान खालच्या बाजूला आणि पुढचा ९० अंशांचा भाग पंख्यासारखा उघडलेला. रोझमध्ये विमान मध्यभागी येतं आणि मागचंही दिसतं. प्लॅनमध्ये उत्तर कायम वर असते. वाटेचे बिंदू एकेक करून तपासायला हा प्रकार सोयीचा. उड्डाणाआधी प्लॅनमध्ये सगळी वाट एकदा नजरेखालून घालणं ही सवय मी तरी सक्तीची मानतो. दुसरा नॉब रेंजचा: १०, २०, ४०, ८०, १६० आणि ३२० मैल. आंबिवलीवर असताना रेंज २० ठेवली आणि नाक मुंबईकडे असलं, तर मुंबई बरोबर पंख्याच्या वरच्या कडेला येते. ४० ठेवली तर निम्म्यावर. सिम्युलेटरमध्ये होणारे पुष्कळ गोंधळ हे केवळ रेंज किती आहे ते न बघितल्याचे असतात.

वरच्या कंपासवर दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. पिवळी उभी रेघ म्हणजे विमानाचं नाक कुठे आहे ते. छोटी हिरवी चौकट म्हणजे विमान प्रत्यक्षात जमिनीवरून कुठे सरकतंय ते. आडवा वारा असला की या दोघांत फट पडते. फट जितकी रुंद, तितका वारा आडवा. निळा त्रिकोण म्हणजे तुम्ही स्वतः नॉब फिरवून मागितलेली दिशा. या सगळ्या दिशा चुंबकीय उत्तरेवरून मोजलेल्या असतात. मुंबईत खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत फरक अगदी नगण्य आहे. जाता जाता सांगायला हवं की हा फरक मोजण्याचं काम आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चाललं होतं. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. ती आजही तिथे आहे.

डावीकडे वरच्या कोपऱ्यात दोन वेग लिहिलेले असतात: जीएस म्हणजे जमिनीवरचा वेग आणि टीएएस म्हणजे हवेतला खरा वेग. खाली वाऱ्याची दिशा, जोर आणि एक बाण. पावसाळ्यात खऱ्या हवामानाची जोडणी चालू ठेवून नागपूरहून मुंबईला या आणि हा बाण बघत राहा. वर, ३५-३६ हजार फुटांवर, पावसाळ्यात आपल्या भागात बहुधा पूर्वेचा वारा असतो. तो विमानाला पाठीमागून ढकलतो आणि जीएस टीएएसपेक्षा जास्त दिसतो. जसजसं विमान खाली येतं, तसतसा बाण वळत जातो आणि खालच्या थरात नैऋत्य मोसमी वारा समोरून छाती काढून उभा राहतो. शाळेत भूगोलात वाचलेला मान्सून एका बाणात उलटा फिरताना दिसतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, वर पाठीचा वारा असेल तर उतरायला नेहमीपेक्षा आधी सुरुवात करावी लागते, नाहीतर विमान घाटावर येतं तेव्हाही उंचच राहतं.

आता पडद्याचा आत्मा: वाटेची रेघ. एअरबसवर ती हिरवी असते. ती अखंड असली तर विमान तीच वाट धरून चाललं आहे. ती तुटक असली तर वाट संगणकाला माहीत आहे, पण विमान ती पाळत नाही. हा फरक बारीक दिसतो, पण सिम्युलेटरमध्ये हरवलेली निम्मी विमानं इथेच हरवतात. एअरबसमध्ये दिशेचा नॉब आत दाबला की विमान वाट धरतं, बाहेर ओढला की तुम्ही दिलेली दिशा धरतं. कुणीतरी नॉब ओढलेला असतो, रेघ तुटक झालेली असते, आणि पुढच्या वळणावर रेघ डावीकडे जाते तेव्हा विमान मुकाट्याने सरळ समुद्राकडे निघतं. ही रेघ मधेच संपून पुढे पुन्हा सुरू होत असेल, तर आगमनाची वाट आणि उतरण्याची वाट यांच्यामध्ये दुवा जोडायचा राहिला आहे. तो दुवा आपोआप जुळत नाही. रेघेच्या टोकाशी पोहोचल्यावर विमान जी दिशा असेल तीच धरून पुढे जात राहतं. पिवळी तुटक रेघ म्हणजे अजून मंजूर न केलेला बदल. आणि धावपट्टीच्या पलीकडे निघणारी निळी रेघ म्हणजे उतरणं रद्द करावं लागलं तर जायची वाट. ती आधीच वाचून ठेवायची असते, कारण प्रत्यक्ष वेळ आली की वाचायला सवड नसते.

रेघेवरच्या हिरव्या चौकटी म्हणजे वेपॉइंट, म्हणजे नकाशावर ठरवून दिलेले बिंदू. जमिनीवर तिथे बहुधा काहीही नसतं, फक्त अक्षांश-रेखांश आणि पाच अक्षरांचं नाव. पुढचा बिंदू तेवढा पांढरा असतो. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव, तिथे जायची दिशा, अंतर आणि पोहोचायची वेळ येते. लोकलच्या डब्यात ‘पुढील स्टेशन’ दाखवणारा फलक करतो ते काम हा कोपरा करतो. तिथे दिसणारा आकडा अपेक्षेशी जुळतोय का हे दर बिंदूला बघितलं, तर मोठी चूक मूळ धरत नाही.

काही बिंदूंभोवती वर्तुळ असतं. तिथे उंचीची अट आहे: इतक्या फुटांच्या वर राहा, किंवा खाली, किंवा नेमक्या तितक्यावर. वर्तुळ राणी रंगाचं असेल तर संगणकाच्या अंदाजाने अट पाळली जाणार आहे. ते पिवळसर केशरी झालं तर पाळली जाणार नाही. विमान अजून वीस-तीस मैल मागे असतानाच हा रंग दिसतो, म्हणून तो मोलाचा. पांढरं वर्तुळ असेल तर अट लिहिलेली आहे, पण विमान तिचा हिशेबच करत नाही, कारण तुम्ही उंची स्वतःच्या हातात घेतली आहे. याखेरीज रेघेवर खाली वळलेला एक बाण असतो. इथून उतरायला सुरुवात करा, असं तो सांगतो. दुसरा एक बाण आहे तो, तुम्ही मागितलेली उंची वाटेत नेमकी कुठे गाठली जाईल, ते दाखवतो. वर्तुळातलं इंग्रजी डी हे अक्षर उतरण्यासाठी वेग कमी करायची जागा सांगतं.

आता पुन्हा १९६२ च्या त्या रात्रीकडे बघा. हिरव्या रेघेवर मुंबईचं चिन्ह ४५ मैलांवर दिसत असतं आणि उंची सपाट होण्याचा बाण त्याच्या खूप अलीकडे, घाटमाथ्यावर पडलेला असता, तर विमान फार लवकर खाली येतंय हे आकडेमोड न करताच दिसलं असतं.

बोइंग ७३७ चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे अर्थ बहुतेक तेच, पण रंग वेगळे. चालू वाट राणी रंगाची, बदललेली पण मंजूर न केलेली वाट पांढरी तुटक, विमान म्हणजे पांढरा त्रिकोण. मागितलेली उंची कुठे गाठली जाईल ते एक हिरवी कमान दाखवते. आज एअरबस, उद्या बोइंग असं करणाऱ्याने रंगांवर विसंबू नये. आधी एक विमान नीट पचवावं.

मध्ये काय आडवं येतंय, हा तिसरा प्रश्न. मुंबईच्या विमानतळाला पूर्वेकडून डोंगरांचा वेढा आहे: घाटकोपरच्या टेकड्या, मग पारसिक, मग मलंगगड आणि माथेरान, आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत, जिच्यात ५,४०० फुटांचं कळसूबाई आहे. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी अंधुक हवेत घाटकोपरच्या ६७४ फुटांच्या टेकडीवर आपटलं. ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाच्या दौऱ्यावरून परतणारे अमेरिकी पत्रकार होते. विमानात बिघाड नव्हता. चांगलं चालणारं विमान नकळत जमिनीवर जाऊन आपटण्याचे हे अपघात जगभर होत होते. डॉन बेटमन या अभियंत्याने त्यावर आयुष्य वेचलं. आधी जमीन वेगाने जवळ येतेय असा इशारा देणारं यंत्र आलं. मग १९९६ च्या सुमारास साऱ्या जगाच्या जमिनीची उंची पोटात घेऊन फिरणारं सुधारित यंत्र आलं. टेरेनचं बटण दाबल्यावर एनडीवर जे रंगीत ठिपके उमटतात, ते याचेच.

हे ठिपके वाचायची रीत सोपी आहे. लाल म्हणजे विमानापेक्षा २,००० फुटांहूनही उंच जमीन. पिवळी म्हणजे तुमच्या आसपासच्या उंचीची किंवा थोडी वर. हिरवी म्हणजे खाली, पण फार खाली नाही. रंगच नसेल तर जमीन बरीच खाली आहे. राणी रंगाचे ठिपके दिसले तर मात्र सावध व्हा. तिथली माहितीच यंत्राकडे नाही.

इतर विमानांची चिन्हं आकारावरून ओळखायची. पोकळ पांढरी चौकट म्हणजे दूरचं विमान. भरलेली पांढरी म्हणजे ६ मैलांच्या आणि १,२०० फुटांच्या आतलं. केशरी गोळा झाला की बघा, आणि लाल चौरस झाला की टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र जे सांगेल ते लगेच करा. शेजारचा +०५ हा आकडा ते विमान ५०० फूट वर आहे असं सांगतो आणि बाण ते चढतंय की उतरतंय ते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. त्यानंतर भारताने हे यंत्र सक्तीचं केलं.

इथवर वाचून वाटेल की पडदा सगळं सांगतो. तसं नाही. संगणकाला जे सांगितलं आहे आणि जे त्याला खरं वाटतंय, तेवढंच पडदा दाखवतो. विमानतळांचं बटण दाबलं की मुंबईचं चांदणीसारखं चिन्ह उमटतं. पण कल्याणजवळच्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात बांधलेली धावपट्टी त्यात दिसत नाही, कारण माहितीसाठ्यात चालू विमानतळच असतात. हा साठा दर २८ दिवसांनी नवा होतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथून उड्डाणं सुरू झाली. तुमच्या सिम्युलेटरचा साठा त्याआधीचा असेल, तर पनवेलजवळ चिन्ह शोधू नका.

याहून गंभीर गोष्ट विमानाच्या जागेची. ती मुख्यतः जीपीएसवरून ठरते. आता जगाच्या काही भागांत खोटे जीपीएस संदेश सोडून विमानांना फसवलं जातं. या धोक्याबद्दल देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी सूचना काढल्या. अशा वेळी एनडीवरचा सगळा नकाशाच सरकतो. रेघ अखंड आणि हिरवी दिसते आणि तरीही चुकीच्या जागी असते. म्हणून जुनी सुई सोडायची नाही. मुंबईला बीबीबी नावाचं व्हीओआर रेडिओ केंद्र आहे. ते लावा आणि त्याची सुई पडद्यावर आणा. सुई आणि नकाशावरचं त्या केंद्राचं चिन्ह एकाच दिशेला असतील तर दिशेपुरता नकाशा खरा. दोघांत फट असेल तर सुईवर विश्वास ठेवा, ती केंद्राकडून थेट येते.

डोळ्यांवरही पूर्ण विसंबू नये, याचा दाखला जुहूचा. जुहू आणि सांताक्रूझ (मुंबईचा मुख्य विमानतळ) या दोन्ही विमानतळांच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत आणि समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं. जुलै १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं कॉमेट चुकून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तीच चूक करून जुहूची धावपट्टी संपवून पुढे गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. दोन्ही वैमानिकांना समोर धावपट्टी दिसत होती, फक्त ती दुसरीच होती. आज एनडीची रेंज १० वर ठेवली तर ठरलेली धावपट्टी पांढऱ्या आकृतीने तिच्या नेमक्या दिशेत दिसते आणि जुहूच्या वर असताना ती अजून पुढे आहे हे स्पष्ट कळतं. पण ती आकृती संगणकात तुम्ही निवडलेल्या धावपट्टीची असते. निवडच चुकली तर चित्रही चुकतं.

शिकणाऱ्यांना एकच सराव सुचवतो. सिम्युलेटरमध्ये वेळ रात्रीची, महिना जुलै, हवा ढगाळ ठेवा. नागपूरहून निघा, मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचं ठरवा. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) ओलांडलं की रेंज ८० वर घ्या, टेरेन चालू करा, बीबीबीची सुई लावा. मग दर पाच मिनिटांनी थांबून मोठ्याने सांगा: अंतर किती, त्या अंतराला तीनाने भागून हजारांत उंची किती असायला हवी, प्रत्यक्षात किती आहे, रेघ अखंड आहे की तुटक, सुई आणि चिन्ह जुळतायत का. जुन्नरच्या डोंगरांवर पोहोचाल तेव्हा ही पाचही उत्तरं तोंडावर असली पाहिजेत. ती असतील तर आंबिवलीवरून कल्याणकडे सरकताना पडद्यावरचं एकही चिन्ह तुम्हाला परकं वाटणार नाही. नसतील, तर उतरण्याचा हट्ट न धरता उड्डाण तिथेच थांबवा आणि नागपूरपासून पुन्हा सुरुवात करा.